टेप मशीन नको, आधी एका खोलीत बसा

अगं,

तुझा डेमो परवा रात्री मिळाला. तिन्ही गाणी हेडफोन लावून ऐकली, सकाळी चहा करताना परत फोनच्या स्पीकरवर लावली. तुझा बेस आवडला मला, हात सैल आहे आणि घाई नाहीये. पण मेसेजच्या शेवटी तू जे विचारलंयस ना, की काका सेकंडहँड आठ ट्रॅकचं टेप मशीन मिळतंय, पाचही जण पैसे काढतोय, घेऊ का, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नका घेऊ. आत्ता तरी नको.

का ते सांगतो, जरा लांबेल.

तुम्हाला वेड लागलंय ते डॅपटोनच्या रेकॉर्ड्सचं, म्हणजे सोल आणि फंक ही साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन कृष्णवर्णीयांची ठेक्याची गाणी जुन्या ढंगात काढणारी ती रेकॉर्ड कंपनी, आणि ते लागावं असंच काम आहे ते. ब्रुकलिनच्या बुशविक भागातलं एक जुनं घर, गेब्रिएल रॉथ आणि नील शुगरमन यांनी तिथे स्टुडिओ थाटला, आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्डिंग करायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं हे १९६८ चं काहीतरी सापडलंय कुठल्यातरी माळ्यावर. पण आठ ट्रॅक म्हणजे काय होतं ते नीट समजून घे, आवाज वेगवेगळे ठेवायला टेपवर आठच पट्ट्या. ड्रमला अख्ख्या सेटला मिळून एखाददुसरा ट्रॅक, ब्रासवाले सगळे मिळून एक, मग नंतर दुरुस्त करायला उरतं काय? ट्रम्पेट जास्त येतोय तर ट्रम्पेटवाल्याने दोन पावलं मागे सरकायचं. गिटार गायिकेच्या अंगावर येतेय तर गिटारवाल्याने कमी वाजवायचं. म्हणजे मिक्सिंग वाजवता वाजवताच होतं, माणसं एकमेकांना ऐकून ते करतात. जो गोडवा तुम्हाला ऐकू येतो तो थोडा टेपचा आहे, नाही म्हणत नाही, पण बराचसा ह्या ऐकण्याचा आहे.

आता तुमचं बघ. ड्रम वाघोलीत वाजवले, बेस तू कोथरूडला घरी बसून, कीबोर्ड तर पोराने बंगलोरवरून पाठवलाय. सगळं क्लिकवर, म्हणजे कानात मशीनची टिकटिक लावून, आणि नंतर कुणीतरी ड्रमचा प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर ओढून रेघेवर बसवलाय, ते लगेच कळतं गं. दुसऱ्या गाण्यात तू स्नेअरच्या, म्हणजे सेटमधल्या त्या खणखणीत ड्रमच्या, किंचित मागे रेलून वाजवतेयस, सुंदर वाजवतेयस, पण ज्याच्यावर रेलायचं तो ड्रमर तिथे नाहीच, रेघ आहे नुसती. हे टेपवर उतरवलं तरी टेपवरची रेघच राहणार.

तू म्हणशील ब्रिटिश गायिका ॲमी वाइनहाउसच्या २००६ च्या अल्बममध्येही बँड ब्रुकलिनमध्ये वाजला आणि तिने गायलं दुसरीकडे. बरोबर आहे. पण बँड एकत्र होता ना! ते डॅपटोनचे डॅप-किंग्सच होते, गायिका शॅरन जोन्सच्या मागे रात्र रात्र वाजवून तयार झालेले, त्यांचा ठेका आधीच एकजीव होता, मग वर गळा कुठूनही आला तरी तो बसतो.

तू तबला शिकलीयस पाच-सहा वर्षं म्हणून तुला एक गोष्ट पटकन कळेल. फंकचा बादशहा जेम्स ब्राउन, त्याच्याकडे १९७० मध्ये बूट्सी कॉलिन्स बेस वाजवायला आला तेव्हा तो १८ वर्षांचा होता, भरपूर वाजवायचा, आणि ब्राउनने त्याला काय शिकवलं तर पहिली मात्रा दे, मग मधे काय हवं ते कर. ते लोक तिला 'द वन' म्हणतात. आपल्याकडे सम कशी, आवर्तनभर फिरून यायचं आणि तिथे उतरायचं, तसंच, फक्त इथे ती दर चार मात्रांनी येते आणि बेस, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), गिटार, ब्रास सगळे एकदम तिच्यावर पाय ठेवतात, आणि मधल्या जागेत प्रत्येकाने दुसऱ्याच्या पायात न येता वाजवायचं. तुझ्या पहिल्या गाण्यात पहिल्या मात्रेवर तू आहेस, पण गिटारवाला तिथे हमखास गप्प असतो आणि किक कधी आहे कधी नाही. हे टेप मशीन सोडवून देणार नाही. आणि गंमत बघ, २०२१ मध्ये ब्रुनो मार्स आणि अँडरसन पाक या गायकांनी सिल्क सॉनिक नावाने अल्बम काढला, त्यात निवेदकासारखा जो आवाज येतो तो ह्याच बूट्सीचा. त्या पोरांना माहीत होतं आपण कुणाच्या ओट्यावर बसून गातोय.

साउंडच हवा असेल तर फुकटातल्या गोष्टी आधी करून बघ. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन बेस वाजवायचा, उजव्या हाताचं एकच बोट, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत जाड तारा आणि त्या तो बदलायचाच नाही, आणि ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) कव्हरखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर वाजला की लगेच विझतो. तू भांडी घासायचा स्पंज घे, हिरवा खरखरीत थर कापून टाक, पिवळा भाग बोटभर रुंद काप आणि ब्रिजच्या अगदी अलीकडे तारांखाली सरकव, तारेला जेमतेम टेकेल इतकाच. जास्त दाबलास तर नुसतं ठक ठक येईल. मग टोनचा नॉब अर्ध्यावर आण आणि तेच दुसरं गाणं वाजव. सूर संपल्यावर जी शांतता राहते ना, तिथे तुमचा ड्रमर पहिल्यांदा ऐकू येईल तुला. मेम्फिसला स्टॅक्स कंपनीचा ड्रमर अल जॅक्सन आवाज दबायला स्नेअरवर स्वतःचं पैशाचं पाकीट ठेवायचा म्हणतात, तुमच्या ड्रमरकडे पाकीट असेलच की.

गायकाबद्दल थोडं कडक लिहितोय, रागावू नकोस. त्याचा गळा चांगला आहे पण तो ओरडताना जेम्स ब्राउनचं ओरडणं ओरडतोय, आणि अमेरिकन उच्चार कुठून उसने आणलेत कोण जाणे. मी ऑर्केस्ट्रात १८ वर्षं बेस वाजवला, गणपतीत, लग्नात, प्रत्येक गावात एक 'व्हॉइस ऑफ किशोर' असायचा, काहीजण इतके हुबेहूब गायचे की डोळे मिटले तर काटा यायचा, पण घरी जाताना त्या माणसाचं काही आठवायचं नाही. डॅपटोनचाच गायक चार्ल्स ब्रॅडली असाच होता सुरुवातीला. १९६२ मध्ये लहानपणी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये जेम्स ब्राउनला बघितलं आणि पुढे कित्येक वर्षं स्वयंपाकी म्हणून नोकरी करत, केसाचा टोप घालून ब्राउनची नक्कल करत क्लबात गायला. डॅपटोनवाल्यांना तो तिथेच सापडला. मग तो स्वतःचं गायला लागला, गरिबी, भावाचा खून, आई, सगळं, आणि २०११ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा वय ६२. ब्राउन गेला नाही त्याच्या गळ्यातून, पण आता किंकाळी आली की ती चार्ल्सची असायची. शॅरन जोन्सचंही तेच, तुरुंगात गार्ड होती, पैशांच्या गाडीवर बंदूक घेऊन पहारा दिला, एका कंपनीच्या माणसाने तोंडावर सांगितलं की तू जास्त काळी, जाडी, बुटकी आणि वयस्कर आहेस, आणि पहिला अल्बम आला चाळिशी उलटल्यावर. तुमच्या गायकाला तसं दुःख शोधून आण म्हणत नाहीये मी, देव करो नि न येवो. पण तो कोल्हापूरचा आहे, हॉस्टेलात राहिलाय, बापाशी भांडून पुण्यात आलाय हे तूच सांगितलंस मला, मग गाण्यात शिकागोचा पाऊस कशाला?

आणखी एक, हे मनापासून सांगतोय. जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड, त्याचा 'फंकी ड्रमर' गाण्यातला तो चार-चार मात्रांच्या आठ आवर्तनांचा तुकडा, १९६९ चा, जगातल्या कितीतरी हिपहॉप गाण्यांत कापून लावलाय, आणि त्या माणसाला गीतकार-संगीतकार म्हणून नाव नव्हतं म्हणून त्याच्या रॉयल्टीत हिस्सा मिळाला नाही. मोटाउनच्या वादकांची नावंसुद्धा कव्हरवर छापत नसत, १९७१ पर्यंत. आपल्या सिनेमांच्या गाण्यांत वाजवलेले गोव्याचे किती वादक असेच बिननावाचे राहिले. म्हणून तिसऱ्या गाण्यात जो ड्रमचा लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) घातलाय तो कुठून घेतला ते मला कळव, आणि पाचही जणांची नावं, कुणी काय वाजवलं, कुणाला किती टक्के, हे आत्ताच कागदावर लिहून सह्या करा. मैत्री आहे तोवरच हे लिहून होतं, मला हे शिकायला फार उशीर झाला.

मशीनच्या पैशात दोन महिन्यांचं जॅमरूमचं भाडं निघेल. पण त्याआधी रविवारी माझ्याकडे या सगळे. वरची खोली रिकामी आहे, गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवतो, दोन माइक आहेत चांगले, एक ड्रमच्या डोक्यावर आणि एक खोलीच्या मधे लावू. बंगलोरच्या पोराला सांग शनिवारची रात्रीची बस पकड. हेडफोन आणू नका, क्लिक लावणार नाहीये. गायकाला म्हणावं पहिल्या गाण्याचं एक कडवं तरी आपल्या बोलीत लिहून आण. आणि तू स्पंज आण, माझ्याकडचा ओला असतो.

— काका