शनिवारचं जाणं बंद करू नका

प्रश्न : माझी मुलगी पणजीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ७८ टक्के होते, पहिल्या वर्षी ६१ वर आली. दीड वर्षापासून तिला फादो या पोर्तुगीज गाण्यांचं वेड लागलं आहे. गाणी ऐकत ऐकत ती भाषा शिकली. दर शनिवारी पणजीतल्याच फोंतेन्हास भागातल्या एका वयस्कर बाईंकडे पोर्तुगीज बोलायला जायची. माझे वडील गोवा मुक्तिलढ्यात होते. आमच्या घरात ही गाणी चालत नाहीत. मी हेडफोन काढून घेतले, शनिवारचं जाणं बंद केलं आणि सांगितलं, आठ महिन्यांत पोर्तुगीजचं बी२चं (सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीचं) सर्टिफिकेट आण, नाहीतर बँकेच्या परीक्षांना लाग. तिला क्लास कोणता लावावा?
– एक वडील, फोंडा

उत्तर :
नमस्कार. क्लासचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात मला ६१ टक्के खटकले नाहीत, तुम्ही घातलेली अट खटकली. भाषा शिकायची तिची दोन्ही साधनं काढून घेतलीत आणि त्याच भाषेचं सर्टिफिकेट आठ महिन्यांत मागताय. ही अट पुरी व्हावी म्हणून घातलेली नाही, असं मला स्पष्ट वाटतं, आणि ते तुमच्या मुलीच्याही लक्षात आलं असणार. या वयात आईवडिलांचा नकार पचवता येतो. पण नकार आधीच ठरवून वर संधी दिल्यासारखं केलं, की मुलं घरात बोलायची थांबतात. ती हल्ली तुमच्याशी किती बोलते, याबद्दल पत्रात काहीच नाही. मला त्याची काळजी जास्त वाटते.

आता तुमच्या वडिलांचं. हा विषय हलक्याने घेण्यासारखा नाही. १८ जून १९४६ला मडगावात लोहियांनी सत्याग्रहाची हाक दिली, तिथपासून १९ डिसेंबर १९६१पर्यंत माणसांनी आग्वादच्या तुरुंगात वर्षं काढली, काहींना तर पोर्तुगालला नेऊन डांबलं. शिक्षेचे हुकूम ज्यांनी त्या भाषेत ऐकले, त्यांना ती गाणी नकोशी वाटली तर तो त्यांचा हक्क आहे. पण तुमच्या पत्रात वडिलांच्या तोंडचं एकही वाक्य नाही. 'घरात चालत नाहीत' हे तुमचं म्हणणं. त्यांना विचारलंत का? त्या पिढीतले कितीतरी जण पोर्तुगीज शाळेत शिकले. कदाचित घरात नातीची भाषा कळणारे तेवढे एकटेच असतील. विचारल्यावर ते 'नको' म्हणाले, तर मुलीने घरात गाणी मोठ्याने लावू नयेत. मात्र ते त्यांनी सांगावं, तुम्ही त्यांच्या नावाने सांगू नये.

आणि ही भाषा फक्त पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पोलिसांची होती, असं मानू नका. तेलो द मास्कारेन्हास गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी पोर्तुगालच्या तुरुंगात होते, १९७०मध्ये सुटले. कविता पोर्तुगीजमध्ये लिहायचे, टागोर त्यांनी त्याच भाषेत नेले. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात बसून पोर्तुगीज कागद वाचले, म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास आपल्याला साधार वाचता येतो. संभाजीराजांची १६८३ची गोव्यावरची स्वारी असो की चिमाजीअप्पांची १७३९ची वसई, पलीकडच्या बाजूचे कागद त्याच भाषेत आहेत. असे कागद वाचू शकणारी मराठी माणसं आज फार थोडी उरली आहेत.

'आधी परीक्षा पास हो, बोलणं नंतर' हा तुमचा समज मात्र काढून टाका. लिस्बनकडची माणसं बोलताना आघात नसलेले स्वर गिळतात. 'तेलेफोन' त्यांच्या तोंडी जवळजवळ 'त्लफोन' होतो. नवशिक्याला एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेच कळत नाही. फादो गाणारी बाई तेच शब्द लांबवते, ओळीच्या शेवटी थांबते, गिळलेले स्वर पुष्कळदा सुटे करून देते, त्यामुळे कान तयार होतो. गाण्यावरून भाषा उचलणं यात उडाणटप्पूपणा काही नाही. पण नुसत्या गाण्यांवर भागतही नाही, हे मी तुमच्या मुलीलाही सांगतो. गाण्यात बोट, समुद्र, रात्र, विरह सगळं आहे. भाडेकरार, सातबारा, पाहुण्यांची विचारपूस नाही. गाण्यात प्रियकराला 'तू' म्हणतात. पंचाहत्तरीच्या बाईंशी तसं बोललं तर उद्धटपणा होतो, तिथे 'आ सिन्योरा' म्हणावं लागतं. ही उणीव शनिवारीच भरून निघत होती. समोरचं माणूस आपला चेहरा बघून थांबतं, तेच वाक्य सोपं करून सांगतं, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करतं. त्या बाई शिक्षिका नसतील, पण हे काम त्या करत होत्या. लिस्बन विद्यापीठाच्या काप्ले केंद्राची बी२ची परीक्षाही तोंडी घेतल्याशिवाय पुरी होत नाही.

बी.कॉम. सांभाळून आठ महिन्यांत बी२ होणार नाही. या वर्षी तिने ए२ (दुसरी पायरी) द्यावी, बी२ दोन-अडीच वर्षांनी. वर्गच हवा असेल तर पणजीत इन्स्तितूतो कामोंइश या पोर्तुगाल सरकारच्या संस्थेचं भाषा केंद्र आहे. एम.ए. करायचं झालं तर गोवा विद्यापीठात होतं. ब्राझीलकडे वळायचं ठरलं तर परीक्षा वेगळी, सेल्पी-ब्राझ, आणि उच्चारही वेगळे. बँकेच्या बहुतेक परीक्षा तर पदवीनंतरच देता येतात.

नुसत्या पोर्तुगीजवर पोट भरेल, असं मी म्हणणार नाही. शिकवणं, भाषांतर, पर्यटन यांत कामं आहेत, पण मोजकी. तुमच्या मुलीसाठी मला वेगळाच रस्ता दिसतो, आणि तो पत्रात कुठेच नाही : बी.कॉम.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून जिवंत आहे. जमिनीचे जुने दस्त, कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) कागद, वारसांतल्या वाटणीच्या जुन्या याद्या म्हणजे इन्व्हेंटरी, १९६१च्या आधीचं बहुतेक पोर्तुगीजमध्ये. घराच्या, भाटाच्या (बागायतीच्या) वादात वकिलाला तो कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो आणि भाषांतर चुकलं तर अशिलाला भोगावं लागतं. स्वतः वाचणारी वकील कुठल्याही ऑफिसला हवीच असते. हस्ताक्षर लावणं, १९११च्या आधीचं जुनं स्पेलिंग ओळखणं हे तिला वेगळं शिकावं लागेल. कान आणि भाषा तयार असेल तर ते सरावाने जमतं.

टक्के का घसरले, ते तिच्याशी शांतपणे बोला. अकाउंट्स जड जातंय की घरातल्या ताणाने लक्ष लागत नाही, हे तिलाच माहीत. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. या शनिवारी तिला त्या बाईंकडे जाऊ द्या. मिरामारचं किंवा मडगावचं लॉ कॉलेज दोघांनी मिळून एकदा बघून या. तिला कायद्याची आवड नाही असं दिसलं, तर मला पुन्हा लिहा, पण या वेळी पत्र तिला लिहू द्या.