स्पीकर वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या आभासी विभागावर) असल्यास फोनला का सापडत नाहीत?
फोन मुख्य व्हीलॅनवर आणि गूगल कास्टचे स्पीकर दुसऱ्या व्हीलॅनवर असल्यास ते अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत, कारण स्पीकरचा शोध एमडीएनएसच्या (स्थानिक नेटवर्कवर उपकरणे शोधण्याची पद्धत) मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणाऱ्या, संदेशांवर (224.0.0.251, यूडीपी पोर्ट 5353) चालतो आणि राउटर हे संदेश दुसऱ्या व्हीलॅनवर पाठवत नाही, म्हणून केवळ फायरवॉल (ये-जा अडवणारे नियम) उघडून काम भागत नाही. राउटरवर एमडीएनएस रिपीटर (हे संदेश एका व्हीलॅनवरून दुसऱ्यावर पोचवणारी सोय; राउटरवर पीएफसेन्स ही प्रणाली असल्यास अवाही हे पॅकेज) सुरू करून त्यात दोन्ही व्हीलॅन निवडावेत. मग फोनकडून स्पीकरच्या टीसीपी 8008 व 8009 पोर्टकडे वाट द्यावी, मात्र उलट दिशेने आधीच सुरू झालेल्या जोडणीची उत्तरेच येऊ द्यावीत, नाहीतर नेटवर्क विभागण्याचा हेतूच फोल ठरतो. स्पीकरच्या गटासाठी वेगळे पोर्ट लागतात, म्हणून डीएचसीपीत (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी राउटरची सेवा) स्पीकरचे आयपी पत्ते राखून त्या पत्त्यांपुरते सर्व टीसीपी पोर्ट मोकळे करणे मला अधिक व्यवहार्य वाटते. स्पीकरच्या वायफायवरील क्लायंट आयसोलेशन (वायफायवरील उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) बंद असावे.