जुन्या मारुती ८०० चा पहिला आणि रिव्हर्स गिअर कर्रकर्र आवाज करत पडतो. गिअरबॉक्स खोलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ ची आहे, पहिला आणि रिव्हर्स टाकताना दाते घासल्यासारखा आवाज येतो, क्लच अगदी तळाशी पकडतो आणि मेकॅनिक गिअरबॉक्स खोलायला सांगतोय. एवढ्यावरून माझा संशय गिअरबॉक्सवर नाही, क्लच पूर्ण सुटत नसावा (पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नसावं) यावर आहे. जुन्या गाड्यांची कामं मी स्वतः करतो आणि अशा तक्रारीत गिअरबॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावतो.

आधी ही परीक्षा करा. सपाट जागी, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा अडला तर गाडी हाताने वीतभर पुढेमागे ढकला, कधी कधी दाते समोरासमोर आलेले असतात. सगळे गिअर सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावरच कर्रकर्र सुरू झाली, तर दोष क्लचचा. बंद इंजिनातही दांडा अडत असेल तर लिंकेज (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळया) आणि त्याचे बुश, म्हणजे सांध्यातल्या कड्या, बघायचे. ते सुकतात, झिजतात आणि दांडा भलतीकडेच जातो.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सहसा सिंक्रो (दाते जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रिंग) नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर चांगल्या गाडीतही आवाज येतो. पण एवढं थांबूनही येत असेल, तर क्लच प्लेट अजून इंजिनाबरोबर फिरतेय. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी हळूहळू पुढे सरकते का, तेही बघा. ही परीक्षा मोकळ्या जागी करा, पुढे भिंत किंवा माणूस नको.

आता तुमच्या वर्णनातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: क्लच तळाशी पकडतो. ८०० ला केबलचा क्लच आहे. प्लेट झिजत गेली की केबलचा प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) कमी होत जातो आणि क्लच वर, पेडल बरंच सुटल्यावर पकडायला लागतो. मग चढाला इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो. तुमचं नेमकं उलट आहे. म्हणजे केबल ताणली गेली असेल, आतून एकेक तार तुटत असेल, किंवा नट सैल झाला असेल. पेडलपाशी आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी केबलची दोन्ही टोकं नीट बघा. तारा विस्कटलेल्या दिसल्या तर ताणत बसू नका, केबल बदला. एरवी ती कधीतरी भर रस्त्यात तुटणारच.

केबल धड असेल तर लिव्हरजवळचा नट फिरवून प्ले कमी करता येतो, पण सगळा प्ले काढून टाकू नका. पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीचे एक-दोन सेंटिमीटर मोकळे गेले पाहिजेत (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल). प्ले राहिला नाही तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग) सतत टेकून फिरतं, क्लच घसरायला लागतो आणि चांगली प्लेट जळते. घाईघाईत केबल ताणून दिलेल्या गाड्यांचं हेच होतं.

गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती का? विशेषतः कोकणात दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि मग कोणताच गिअर पडत नाही. अशा वेळी केबलशी खेळून उपयोग नाही.

केबल नवी, प्ले बरोबर, तरी आवाज तसाच असेल तर दोष रिलीज फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा), प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) किंवा वाकडी झालेली क्लच प्लेट यांत असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण उतरवणं वेगळं आणि खोलणं वेगळं, खर्चातही खूप फरक पडतो. मेकॅनिकला स्पष्ट विचारा की तो नक्की काय करणार आहे. उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या, कारण मजुरी तेवढीच लागते. क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरतंय का तेही तेव्हाच बघून घ्या, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येईल आणि गाडी जागेवरून निघताना थरथरेल.

गिअरबॉक्स खोलायची वेळ कधी येते? क्लच नीट सुटत असूनही एकच गिअर, समजा तिसऱ्यावरून दुसरा, चालत्या गाडीत घासत पडतो तेव्हा सिंक्रो रिंग झिजलेली असते. किंवा पेडल सोडलेलं असताना न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तेव्हा आतलं बेअरिंग गेलेलं असतं. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर ते रिलीज बेअरिंग. आणि खोलण्याआधी गिअर ऑइलची पातळी जरूर तपासा. पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ भरू देऊ नका, त्यातल्या काही रसायनांनी पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकते.

इंजिन बंद ठेवून केलेल्या परीक्षेत काय झालं ते इथे लिहा. केबलचा एखादा फोटोही टाका, मग पुढचं सांगतो.