पहिलीकडे की दहावीकडे?

जूनचा शेवटचा आठवडा होता. उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडणाऱ्या विदर्भातल्या शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि अशा एका दुपारी 23 वर्षांची एक मुलगी आपल्या आईसोबत नागपूरच्या धरमपेठेतल्या, मी करिअरचा सल्ला देते त्या खोलीत आली. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन तिने बी.एस्सी. केले होते आणि शिक्षिका व्हायचे हे तिचे पक्के होते. अडचण त्यापुढची होती. कोणत्या वर्गांची शिक्षिका, कोणत्या विषयाची, आणि त्यासाठी कोणता अभ्यासक्रम व कोणता पेपर, हा प्रश्न मला वर्षभर या ना त्या रूपात ऐकू येतो. तिने मात्र तो वीजबिलाच्या कोऱ्या बाजूवर नीट मांडून आणला होता.

त्या कागदावर घरातल्या माणसांची मते होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मोठ्या बाबांचा (वडिलांच्या थोरल्या भावाचा) आग्रह डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचा, होता, कारण प्राथमिकच्या जागा जास्त निघतात असे त्यांचे म्हणणे. एका मैत्रिणीने बी.एड. करून टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, सामाजिक शास्त्रे घ्यायला सांगितले होते, कारण तो भाग पाठांतराने निघतो. मामाजींच्या मते एम.एस्सी. करून सरळ ज्युनिअर कॉलेजला जावे. स्वतःच्या नावापुढे तिने एकच शब्द लिहिला होता : ‘गणित?’ आईचे म्हणणे कागदावर नव्हते, ते त्यांनी तोंडी सांगितले. “मॅडम, कशात लवकर लागेल तेवढं सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर देण्याची चूक मी पूर्वी केलेली आहे, म्हणून तीच गोष्ट मी त्यांना आधी सांगितली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम केला की झाले. तेव्हा माझ्याकडे आलेल्या एका बी.एड.धारक मुलाला, माध्यमिकची ओढ असतानाही, जागांचा विचार करून मी टीईटीच्या पेपर एकच्या, म्हणजे पहिली ते पाचवीच्या पेपरच्या, तयारीला लावले. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची अर्हता नाही असा निकाल दिला आणि त्या मुलाची त्या पेपरवर खर्च झालेली वर्षे वाया गेली. त्या काळात लागू असलेल्या सवलतीवर आयुष्याचा वर्ग निवडून देणे हा सल्ला नव्हता, तो अंदाज होता, आणि तो माझा होता.

त्यानंतर मी तिच्या कागदाखाली एक आडवी रेघ ओढून तिच्यावर एक ते बारा आकडे लिहिले. बारावीनंतर डी.एल.एड. केले आणि टीईटीचा पेपर एक उत्तीर्ण झाले की पहिली ते पाचवीसाठी पात्रता येते. त्याला पदवीची जोड असेल, तर पेपर दोन देऊन सहावी ते आठवीचेही दार उघडते. पदवी आणि बी.एड. असलेल्याला पेपर दोनवर सहावी ते आठवी मिळू शकते, आणि नववी-दहावीसाठी तर टीईटी लागतच नाही; तिथे पदवीचा विषय, बी.एड. आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी पाहिली जाते. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी हवीच, शिवाय बी.एड.ही हवे, त्यामुळे मामाजींचा रस्ता ‘सरळ’ नव्हता. रेघेकडे पाहता पाहता तिच्या लक्षात आले की पदवी हाती असलेल्या मुलीला सहावी ते आठवी हे तीन वर्ग दोन्ही वाटांनी मिळतात. म्हणजे तिला खरे तर एवढेच ठरवायचे होते, की तिथून खाली पहिलीकडे उतरायचे की वर दहावीकडे जायचे.

हे घरात बसून ठरत नाही. मी तिला दोन आठवड्यांची मुदत दिली आणि शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या ओळखीने, मुख्याध्यापकांची परवानगी काढून, तिने काही दिवस दुसरीच्या आणि काही दिवस सातवीच्या वर्गात बसावे असे ठरवले. लहान मुले आपल्याला आवडतात अशी तिची पक्की समजूत होती. (ही समजूत जवळजवळ सगळ्यांची असते, भाच्याला दोन तास सांभाळणे आणि तीस मुलांना वर्षभर वाचायला शिकवणे यांत किती अंतर आहे ते वर्गात बसल्यावरच कळते.)

परत आली तेव्हा दुसरीविषयी ती फार थोडे बोलली. एक मुलगा 21 ऐवजी 12 लिहीत होता आणि बाई तेच दहाव्यांदा, पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे, काड्यांचे गठ्ठे मांडून दाखवत होत्या. “मला त्यांचं फार कौतुक वाटलं,” ती म्हणाली, “पण चौथ्या वेळेलाच मी खिडकीबाहेर पाहायला लागले होते.” हे तिने अपराध्यासारखे सांगितले. माझ्या मते त्यात अपराध काही नव्हता, माहिती मात्र मोलाची होती.

सातवीविषयी ती अर्धा तास बोलली. मोकळ्या तासाला एका मुलाने तिला विचारले होते, की नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) घरातला कूलर इतका गार करतो, मग पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर तेच पाणी घालूनही नुसता चिकचिकाट का करतो? नागपूरच्या मुलाने विचारावा असाच हा प्रश्न. तिने उत्तर सांगितले नाही. रुमाल ओला करून त्याचे दोन तुकडे मुलाच्या दोन मनगटांना बांधले, एक हात पंख्याखाली उघडा ठेवला आणि दुसऱ्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड आवळले. थोड्या वेळाने उघडे मनगट गार पडले, पिशवीतले पडले नाही. पिशवीतल्या हवेत ओलावा कोंडला की पाण्याला उडून जायला वाव राहत नाही, आणि पाणी उडताना जी उष्णता ओढून घेते तीच कूलरची सगळी करामत, हे मग त्या मुलानेच तिला सांगितले. मला हे सांगताना ती स्वतःच्याच मनगटांना हात लावून दाखवत होती. ती वर, दहावीकडे जाणार होती. ते मला वेगळे सांगावे लागले नाही.

उरले ते ‘गणित?’. पेपर दोनमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र 30, पहिली भाषा 30, दुसरी भाषा 30 आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाचे 60, असे 150 गुण असतात. भाषेच्या शिक्षकाला त्या 60 गुणांसाठी दोहोंपैकी काहीही घेता येते, पण ज्याला विज्ञान शिकवायचे आहे त्याचा भाग गणित-विज्ञान हाच. सामाजिक शास्त्रे घेऊन ती उत्तीर्ण झाली असती, आणि प्रमाणपत्र व पदवी एकमेकींकडे पाठ करून बसल्या असत्या. त्या 60 गुणांत गणिताचे प्रश्न निम्मे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला एकूण 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. विषयवार किमान गुणांची अट नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आम्ही कागदावर मांडून पाहिले : पहिल्या तीन विभागांत प्रत्येकी 22 आणि विज्ञानात 24 मिळाले, तरी गणिताला हात न लावता 90 होतात. तिचा चेहरा सैल झाला. पण तिला लगेच हेही सांगावे लागले, की हा हिशेब केवळ परीक्षेचा आहे. सहावी ते आठवीला विज्ञानाच्या शिक्षकाकडे गणिताचे तास बहुतेक ठिकाणी येतातच, आणि सातवीतला मुलगा फळ्यापाशी अडखळणारी बाई एका तासात ओळखतो. म्हणून पाचवी ते आठवीची बालभारतीची गणिताची पुस्तके तिने विद्यार्थिनीसारखी, प्रत्येक सरावसंच वहीत सोडवून पूर्ण करावीत असे ठरले. भाषेचा प्रश्न लवकर सुटला : पहिली मराठी, दुसरी इंग्रजी, कारण सेमी-इंग्रजी वर्गांत विज्ञान शिकवताना तिला या दोन्ही भाषांत रोज ये-जा करावी लागणार आहे.

आईच्या प्रश्नाला मी बगल दिली नाही. राज्यात अभियोग्यता चाचणी 2017, 2023 आणि 2025 मध्ये झाली, आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती त्या चाचणीच्या गुणांवर चालते. चाचण्यांमधली ही अंतरे मुलीने विषय बदलल्याने कमी होत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे थांबायचं तर आहेच. मग तिला आवडतं तिथंच थांबू द्या.”

मोठ्या बाबांची समजूत काढणे तितके सोपे गेले नसते, पण नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणाऱ्या 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षे शिल्लक असल्यामुळे, ते स्वतःच संध्याकाळी पेपर एकचे प्रश्नसंच घेऊन बसतात आणि पुतणीशी वाद घालायला त्यांना फारशी सवड नाही. बी.एड.चा प्रवेशअर्ज भरून ती परवा पुन्हा आली, तेव्हा आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या एका उदाहरणावर अडली होती. मलाही ते लगेच सुटेना. शेवटी वही मोठ्या बाबांकडे न्यायचे ठरले.