काम नसताना वाडीवर जा

चि. धाकट्या सहकाऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

किनाऱ्यावर नजर ठेवून पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या सागर रक्षक दलाच्या बैठकीला चारच माणसे आली, तीही सही करून निघून गेली, आणि "लोकांनाच नको असेल तर मी काय करू?" असे तू विचारतोस. समन्स, वॉरंट किंवा चौकशी हातात नसताना गेल्या सहा महिन्यांत तू कोळीवाड्यात किती वेळा गेलास, हे मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही. काम नसताना वाडीवर जा.

हे मी फार उशिरा शिकलो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका पहाटे एक तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचा प्रमुख, समुद्रावरून थेट आमच्या दूरक्षेत्रात, म्हणजे पोलीस चौकीत आला. दिवे न लावता उभी असलेली अनोळखी होडी त्याने पाहिली होती. मी त्याला बाकावर बसवून त्याच्याच नौकेचा परवाना आणि खलाशांची नावे विचारत राहिलो. तीन तासांत ती होडी निघून गेली, मासळीचा लिलाव चुकून त्याचा दिवस बुडाला, आणि माझी बदली होईपर्यंत त्या वाडीतून पुन्हा कोणी आले नाही. रायगडातल्या शेखाडीला १९९३ साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली त्या किनारपट्टीवर मी असा वागलो, ही बोच अजून गेलेली नाही. पुढे २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर गस्तीनौका आल्या, सागरी सुरक्षेसाठी १०९३ हा मदत क्रमांक आला; पण ओळखीचा पोलीस नसेल तर तो क्रमांक फिरवायला कोणाचा हात उठेल?

१९८४च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिली. तेथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी सामान्य रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या आणि दंगल नसतानाही पोलीस त्यांच्यासोबत बसत होते. दंगल नसतानाही, हे शब्द पुन्हा वाच. शिमग्यात पालखीचा मान कोणाचा, हे फाल्गुनात बंदोबस्त लावताना नव्हे, तर पौषात पोलीस पाटलांच्या ओटीवर बसून समजून घे. आणि कोणाला खबरी करू नकोस; शेजाऱ्यांच्या नजरेत उतरलेला माणूस तुलाही काही सांगणार नाही.

पुढे मी असा फिरू लागलो, तेव्हा माझ्या अहवालात 'विनाकारण फिरती' असा शेरा पडला आणि पदोन्नती लांबली. तो शेरा अन्यायाचाच होता. त्या फिरतीमुळे दोन वाड्यांमधली मारामारी ठाण्यापर्यंत येण्याआधीच मिटली होती, फक्त न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

तेव्हा उद्या लिलावाच्या वेळी बंदरावर जा, डायरी खिशातच ठेव. पुढच्या पत्रात बैठकीची हजेरी नको. कोणाची होडी कोठे लागते आणि कोणाचा मुलगा मासेमारी सोडून मुंबईला गेला, ते कळव.