लेकीला मराठीत कॉलम आणि कादंबऱ्या लिहायच्यात, पोट भरेल का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी आर्ट्सला, वेल्समधल्या, वेल्श भाषेत लिहिणाऱ्या बेथन ग्वानास या लेखिकेबद्दल वाचून तिनं ठरवलंय की आपणही मराठीत सदरं आणि कादंबऱ्याच लिहायच्या, आणि तिचे बाबा म्हणतात आधी डी.एड. कर मग बघू. कोणाचं ऐकू असं विचारलंत. मी म्हणेन दोघांचं ऐका, कारण त्या बाईंचं आयुष्य नीट बघितलं तर दोघांचंही म्हणणं त्यात सापडतं.

बेथन 1962 ची, शेतकरी घरातली. ॲबरिस्टविथ विद्यापीठात फ्रेंच शिकली, मग स्वयंसेवक म्हणून नायजेरियात शिकवायला गेली, तिथली डायरी 1997 ला पुस्तक म्हणून आली आणि त्याच वर्षी महिला रग्बी टीमवरची कादंबरी, जिच्यावर पुढे एसफोरसी या वेल्श चॅनलवर सिरीयल झाली. म्हणजे पस्तिशीत! तोवर नोकरी केली, जग बघितलं, आणि लिहायला मटेरियल तिथूनच मिळालं. 'हेरल्ड गम्राएग' या वेल्श वृत्तपत्रातलं तिचं सदरही याच अनुभवावर उभं राहिलं हो, नुसत्या छान भाषेवर दर आठवड्याला काय लिहिणार?

आणि एक गोष्ट मला फार आवडते. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे जेमतेम 5 लाख 38 हजार, म्हणजे भाषाच छोटी, म्हणून मोठेपणी वेल्श शिकणाऱ्यांसाठी तिनं सोप्या भाषेत ब्लॉडवेन जोन्स या पात्राची धमाल पुस्तकं लिहिली, टीनएजर्ससाठी लिहिलं, त्याला 2001 आणि 2003 ला तिर ना नोग हे वेल्समधल्या बालकुमार साहित्याचे पुरस्कारही मिळाले. वाचक कोण हे तिला पक्कं माहीत होतं. आपल्याकडे इंग्लिश मीडियमची मराठी मुलं आहेतच की, त्यांच्यासाठी कोण लिहितंय?

फक्त तिकडे पुस्तकांना सरकारी अनुदानाचा आधार आहे, इथे रॉयल्टीवर घर चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. म्हणून पगार देणारं स्किल हवंच, पण ते डी.एड.च असायला पाहिजे असं नाही. बी.ए. करता करता पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन किंवा फ्रेंच शिकता येईल, ट्रान्सलेशनची कामं मिळतात, नंतर तिथेच जर्नलिझमही आहे. शिकवायची आवड असेल तर डी.एड. करू दे, बाबांसाठी म्हणून नको.

तोवर दर रविवारी चारशे शब्द, स्वतःबद्दल सोडून गावातल्या कशावरही, आणि जमलं की लोकल पेपरच्या पुरवणीला पाठवायचं. सहा महिन्यांनी तेच लेख घेऊन तिला माझ्याकडे पाठवा, मार्कशीट नको.