क्राउन बदलण्याआधी टायर बघा

प्रश्न : माझी जुनी फोरव्हील डिझेल जीप आहे, चार गिअरची. गेल्या वर्षी रुबाब म्हणून ६.००-१६ चे टायर काढून ३१ इंची टाकले. तेव्हापासून कुंभार्ली घाटात जिथे तिसऱ्यात चढायची तिथे सेकंड टाकावा लागतो. मिस्त्री म्हणतात, मागचा क्राउन ८-३९ चा असणार, तो काढून ८-४३ टाकू, मग बघा गाडी कशी पळते. टाकावा का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : तुमचा पिकअप क्राउनने नाही, टायरने खाल्लाय.

क्राउन म्हणजे चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं. ८-३९ म्हणजे पिनियनला ८ दात, क्राउनला ३९. पिनियन ४.८८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. आता टायर बघा. ६.००-१६ ची उंची साधारण २८ इंच. त्या जागी ३१ आल्यावर चाक एका फेऱ्यात सुमारे अकरा टक्के जास्त अंतर कापायला लागलं. इंजिनाचा जोर आहे तेवढाच, म्हणजे रस्त्यावरची ओढ जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली. ४.८८ ला २८ ने गुणा, ३१ ने भागा : ४.४१. टायरवाल्याला पैसे देऊन तुम्ही न कळत घाटाला नको असलेला क्राउनच बसवून घेतलात म्हणा ना.

८-४३ चा रेशो, म्हणजे ४३ भागिले ८, ५.३८. त्याने ओढ दहा टक्के वाढेल, म्हणजे गेली तेवढीच परत येईल. टायर आणि रिम जड झाल्यामुळे उठताना गाडी तरीही किंचित आळसच करेल. मिस्त्रींचं उत्तर चूक नाही, पण ‘पळते’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा.

हे दोन्ही क्राउन जीपच्या घराण्यातलेच आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला ८-३९ होता. १९४५ साली शेतकऱ्यांपुढे ठेवलेल्या सीजे-२ए ला ८-४३ दिला, कारण तिला नांगर ओढायचा होता, पळायचं नव्हतं.

माझं विचाराल तर आधी कुणाचे तरी जुने २८ इंची टायर आठवडाभर मागून आणा आणि घाट चढून बघा. तेवढ्यात समाधान झालं तर क्राउनचं हाउसिंग उघडूच नका. ३१ इंचीच ठेवायचे असतील तर ८-४३ टाका, तो हिशेब चोख बसतो : ८० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेईल, म्हणजे जुन्या टायरवर घेत होतं तेवढेच. मात्र २८ इंची टायर आणि ८-४३ अशी जोडी केलीत तर ८० ला ३,२०० होतील. घाटात मजा येईल, पण हायवेला शेजारच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागेल.

‘८-३९ चा असणार’ यावर मात्र विसंबू नका. जुन्या गाडीत कधी काय बसवलंय देव जाणे. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे पिनियनला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर, खडूची खूण करा आणि उचललेलं चाक हाताने २० वेळा फिरवा. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे क्राउन त्यात १० च फेरे घेतो. शाफ्टचे पावणेएकोणपन्नास फेरे आले तर ८-३९, पावणेचोपन्न आले तर ८-४३.

आणि ‘मागचा’ क्राउन हा काय प्रकार आहे? गाडी फोरव्हील आहे, पुढचाही बदलावाच लागेल. हे मी शिकलो ते स्वतःच्या जीपवर. तरुणपणी पैसे वाचवायला मी फक्त मागचा बदलला होता. फोरव्हील टाकली की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. पुढची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला बघतात, मागची वेगळ्या. डांबरावर शंभर पावलंही गेलो नसेन, पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटून पडला. वाचवलेले पैसे त्यात गेलेच, वर वडिलांचं बोलणं खाल्लं.

जुन्या बाजारातून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन असं जमवू नका. जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, दोघांवर एकच नंबर असतो. बसवणाऱ्याकडे दातांमधली फट मोजायचं डायल गेज आहे का आणि दातांना निळा रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात ते तो बघतो का, हे आधी विचारा. ‘हाताला कळतं’ म्हणाला तर चहा पिऊन परत या. चुकीच्या शिमवर, म्हणजे जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्यांवर, बसलेला क्राउन कऱ्हाडपर्यंत रडत जातो.

स्पीडोमीटरची तर गंमतच आहे. त्याची केबल क्राउनच्या आधीच, पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवरून फिरते, त्यामुळे काटा ६० दाखवत असताना सध्या तुम्ही ६६ ने जाताय. ८-४३ टाकलात की तो पुन्हा खरं बोलायला लागेल.

प्रश्न : पिकअपसाठी डिफरन्शिअल वेल्डिंग मारून लॉक केलं तर?
— दुसरे एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं, ती सवड डिफरन्शिअल देतं, तीच तुम्ही जाळून टाकाल. रेशो बदलत नाही, त्यामुळे पिकअप काडीचाही वाढत नाही. चिखलात एक चाक गरगरत असेल तेव्हा फायदा आहे, पण ओल्या घाटात तीच गाडी वळायच्या ऐवजी सरळ कठड्याकडे जाईल.